समर्थन कुणापुढे करायचं?



आपल्या बैठकांमध्ये एक शब्द सारखा कानावर येतो. 'हे समर्थनीय आहे', 'ते समर्थनीय नाही'. दारूच्या दुकानावरचा मोर्चा असो, नवऱ्याला चार लोकांत जाब विचारणं असो, की सरकारचं एखादं सक्तीचं पाऊल असो, बोलता बोलता गाडी या शब्दापाशी येऊन थांबते. पण आपल्याला त्यातून नेमकं काय म्हणायचं असतं? मी लक्ष देऊन ऐकते तेव्हा जाणवतं की आपण या एका शब्दात तीन वेगळे अर्थ कोंबतो. कधी म्हणायचं असतं, 'हे कायद्यात बसतं'. कधी, 'तिनं असं का केलं ते मी समजू शकते'. आणि कधी, 'हेतू चांगला होता ना, मग झालं'. मला वाटतं, या तिन्हींपेक्षा समर्थन ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्याचा हिशोब आपण नीट मांडला नाही तर त्याची किंमत शेवटी एखाद्या बाईलाच मोजावी लागते. म्हणून या अंकाचं संपादकीय या शब्दावर.

आधी 'समजू शकते' या अर्थाकडे पाहू. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरला, न्यायालयातच, कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावानं अक्कू यादवला ठार मारलं. या माणसानं वस्तीवर वर्षानुवर्षं दहशत बसवली होती, बलात्कार केले होते, आणि बायका तक्रार घेऊन जात तेव्हा पोलीस दाद देत नव्हते. खटला दहा वर्षं चालला. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. त्या बायकांचा राग कुठून आला हे कळायला आपल्यापैकी कुणालाच वेळ लागणार नाही. मलाही लागत नाही. पण राग समजणं म्हणजे 'असंच व्हायला हवं, उद्या दुसऱ्या गावातही व्हावं' असं म्हणणं नव्हे. 'का घडलं' या प्रश्नाचं उत्तर मागं वळून पाहतं. समर्थनाला पुढं पाहावं लागतं. आज आपण जमावाच्या हाती न्याय देऊन टाळ्या वाजवल्या, तर उद्या जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीच्या दारातही जमावच उभा राहील, आणि तोही 'आमचा राग समजून घ्या' असंच म्हणेल.

दुसरा अर्थ कायद्याचा. इथं आपल्या चळवळीचाच इतिहास आठवावा. १९८८ पर्यंत महाराष्ट्रात गर्भलिंगनिदान करायला कायद्याची बंदी नव्हती. आज थोडा खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागायच्या. मुंबईत गर्भलिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला, बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा समोरचे डॉक्टर हेच म्हणत होते की आम्ही बेकायदा काहीच करत नाही. ते खरंही होतं. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला, आणि तो १९९६ पासून लागू झाला. म्हणजे कृती चुकीची ठरली ती कायद्याच्या आधी, कायदा मागून आला. तेव्हा 'कायद्यात आहे' हे समर्थन पुरेसं असतं तर आपली निम्मी कामं सुरूच झाली नसती.

राहिला तिसरा अर्थ, चांगल्या हेतूचा. हा सगळ्यात अवघड, कारण इथं माणसं आपलीच असतात. आणि त्याचं उदाहरण शोधायला कोल्हापूरच्या बाहेर जायची गरज नाही.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. राज्याचा आकडा ९१३ होता. शाहू महाराजांचा जिल्हा, सहकाराचा, उसाचा, दुधाचा संपन्न जिल्हा, आणि मुलींच्या बाबतीत राज्याच्या कितीतरी मागं. या लाजेतून इथलं प्रशासन हललं. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात, २०१० च्या आसपास, दोन गोष्टी झाल्या. प्रत्येक सोनोग्राफीची नोंद, म्हणजे आपण ज्याला 'एफ फॉर्म' म्हणतो ती, ऑनलाइन भरणं सुरू झालं. आणि सोनोग्राफीच्या यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण जोडायला सांगितलं गेलं. तपासणीत पडद्यावर जे दिसतं त्याचं चित्रण हे उपकरण साठवून ठेवतं. संशय आला तर अधिकारी ते पाहू शकतात. रेडिओलॉजिस्टांची संघटना याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. यातून रुग्ण बाईच्या खासगीपणाचा भंग होतो, हा त्यांचा एक मुद्दा होता. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. चित्रण बाहेर कुठं प्रसारित होत नाही, ते यंत्रापाशीच राहतं, हे लक्षात घेऊन आणि मुलींच्या घटत्या संख्येचं गांभीर्य पाहून न्यायालयानं प्रशासनाची बाजू उचलून धरली.

हे समर्थनीय होतं का? गरोदर बाईच्या पोटाचं चित्रण तिच्या इच्छेवर न सोडता साठवून ठेवणं, ही काही साधी गोष्ट नाही. मी या प्रश्नाभोवती बरेच दिवस फिरते आहे, आणि माझं उत्तर 'हो, पण एका अटीवर' असं आहे. ती अट सांगण्याआधी, ज्या कारणांनी मी 'हो' म्हणणार नाही ती आधी बाजूला काढते.

पहिलं कारण आकड्यांचं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८३९ वरून ८६३ वर गेला. भाषणांमधून हा आकडा उपकरणाच्या यशाचा पुरावा म्हणून सांगितला जाताना आपण ऐकतो. पण थोडा हिशोब करून पाहा. २०११ मध्ये शून्य ते सहा वर्षांची असलेली मुलं २००४ ते २०११ या काळात जन्मली. उपकरण आलं ते या काळाच्या अगदी शेवटी. मग ही वाढ त्याच्या खात्यावर कशी टाकायची? वाढ झाली याचा आनंद आहेच. तिच्यामागं कायद्याची अंमलबजावणी, धाडी, प्रचार, कार्यकर्त्यांची पायपीट असं बरंच काही असेल. पण जे सिद्ध होत नाही ते समर्थन म्हणून वापरायचं नाही, एवढी शिस्त आपण पाळली पाहिजे. खोट्या आकड्यावर उभं केलेलं खरं काम पहिल्या प्रश्नालाच कोसळतं.

दुसरं कारण त्याहून वाईट, आणि आपल्या भिंतींवर रंगवलेलं. 'मुलीच नसतील तर मुलांना बायका कुठून मिळणार?' गावोगावी या अर्थाच्या घोषणा आपण वाचल्या आहेत, प्रभातफेरीत पोरींच्या तोंडून ऐकल्या आहेत. कृती योग्य आणि कारण भलतंच, असं इथं झालं आहे. कारण चुकलं तर बिघडलं कुठं, काम होतंय ना, असं कुणी म्हणेल. बिघडतं. त्या घोषणेतली मुलगी सातवी-आठवीत गेली आणि तिनं विचारलं की मला का जन्माला येऊ दिलं, तर तिला काय सांगणार? कुणाच्या तरी मुलाला स्वयंपाकाला आणि पोरं काढायला बाई हवी होती म्हणून? हे उत्तर आपण तिच्या तोंडावर देऊ शकत नाही. ज्या कारणाला त्या मुलीसमोर खाली मान घालावी लागते, ते समर्थन होऊच शकत नाही. 'भ्रूणहत्या' या शब्दाचंही तेच. तो शब्द वापरला की प्रत्येक गर्भपात म्हणजे खून, असा अर्थ नकळत पसरतो. म्हणून आपल्यातल्या अनेक जणी 'गर्भलिंगनिवड' म्हणायचा आग्रह धरतात, आणि तो काही नुसता शब्दांचा खेळ नाही.

आता माझी अट. एखाद्या कृतीचा भार ज्या व्यक्तीवर पडतो, तिच्यासमोर उभं राहून आपल्याला त्या कृतीचं खरं कारण सांगता आलं पाहिजे. तिनं उलट प्रश्न विचारला तर उत्तर देता आलं पाहिजे, आणि उत्तर पटलं नाही तर तिला दाद मागायला जागा असली पाहिजे. एवढं असेल तर कृती समर्थनीय. नसेल, तर ती कायदेशीर असेल, चांगल्या हेतूची असेल, पण समर्थनीय नव्हे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा, आणि जेवढ्यास तेवढंच पाऊल हवं, हे त्या निकालातून आलं. न्यायालयाची ही भाषा आणि आपली बैठकीतली भाषा मला एकाच दिशेची वाटते. 'जेवढ्यास तेवढं' हे शेवटी कुणाला पटवायचं असतं? ज्याच्यावर भार पडतो त्यालाच.

या कसोटीवर उपकरण घासून पाहू. भार पहिल्यांदा पडतो डॉक्टरांवर. 'तुमच्यापैकी काहींनी या यंत्राचा धंदा केला, म्हणून यंत्रावर नजर ठेवतो' हे त्यांना तोंडावर सांगता येतं. त्यांना ते पटलं नाही, ते न्यायालयात गेले, आणि त्यात गैर काहीच नाही. त्यांना दार होतं, ते त्यांनी ठोठावलं. आणि ही भीती काल्पनिक नव्हती, हे पुढं दिसलंच. मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेही एका विवाहितेचा गर्भपात करताना जीव गेल्यावर. तेव्हा वैद्यकीय धंद्यावर नजर हवी, यात मला शंका नाही.

गरोदर बाईलाही कारण सांगता येतं: 'बाई, नजर यंत्रावर आहे, तुझ्यावर नाही. चित्रण इथंच राहील, तुझ्या सासरच्यांना दिसणार नाही.' हे जोवर खरं आहे तोवर ती व्यवस्था समर्थनीय आहे. कायदाही याच बाजूनं उभा आहे. लिंगनिदान झालं तर बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला, असंच कायदा गृहीत धरतो, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर.

पण नजर यंत्रावरून सरकून बाईवर यायला वेळ लागत नाही. आमच्या सल्ला केंद्रात शिरोळकडची एक बाई आली होती. दोन मुली, नवरा ट्रकवर, पाळी चुकून सहा आठवडे झालेले. तिला तिसरं मूल नको होतं. मुलगा की मुलगी हा प्रश्नच तिच्या डोक्यात नव्हता, पोसायचं कसं एवढाच होता. एका ठिकाणी तिला विचारलं गेलं, 'आधीच्या दोन मुलीच का?' आणि मग, 'आमच्याकडं होणार नाही, भानगड नको.' औषधाच्या दुकानात गोळ्या ठेवतच नाही म्हणून सांगितलं. ती मला म्हणाली, "ताई, मला पोरगे असते तर मिळाल्या असत्या का गोळ्या?" यावर तिला सांगण्यासारखं कुठलंही खरं कारण त्या ठिकाणच्या माणसांपाशी नव्हतं. साधी गोष्ट आहे: गोळ्यांनी गर्भपात होतो तो पहिल्या नऊ आठवड्यांत, आणि सोनोग्राफीत लिंग भरवशानं कळतं ते त्यानंतर काही आठवड्यांनी. सहा आठवड्यांच्या बाईला 'तू मुलगी पाडतेस' असा संशय घेऊन परत पाठवणं हे शास्त्रालाही धरून नाही. १९७१ च्या कायद्यानं दिलेला आणि २०२१ च्या दुरुस्तीनं रुंदावलेला तिचा मार्ग तिथं अडवला गेला. मुलींना वाचवण्यासाठी उभी केलेली भीती दोन मुलींच्या आईच्याच अंगावर आली. आणि डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात जाऊ शकते, तसं ती कुठं जाणार? तिला परत येऊन चूल पेटवायची होती.

म्हणजे तेच उपकरण, तोच फॉर्म, तोच कायदा. डॉक्टरच्या धंद्यावर रोखला तर समर्थनीय, बाईच्या गर्भावर रोखला तर नाही. हेतू दोन्हीकडं एकच सांगितला जातो, म्हणूनच हेतूवर थांबून चालत नाही.

सक्तीच नको, असं मात्र मला म्हणायचं नाही. ते कोल्हापुरात बसून म्हणता येणारही नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे गरिबाला जड होता. तरी ते समर्थनीय वाटतं, कारण दंड ज्यांच्या हाती मुलाचं भवितव्य होतं त्या पालकांना होता, आणि शाळा काढण्याचा, मास्तर नेमण्याचा भार संस्थानानं स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. दुसऱ्यावर सक्ती करणाऱ्यानं आपणही काहीतरी उचललं होतं. अलीकडचं उदाहरण हेरवाडचं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हा मार्ग दाखवला. ठरावानं अडवले ते बांगड्या फोडणारे हात. एखाद्या बाईनं स्वतःच्या मनानं कुंकू न लावायचं ठरवलं तर तो तिचा प्रश्न. पण उद्या कुणी 'ठराव झालाय, आता लावच' म्हणत तिच्या मागं लागलं, तर तोच ठराव तिच्यावर उलटेल. पुन्हा तेच: भार कुणावर?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 'प्रत्येकीला कारण सांगत बसायचं? बाईच्या तोंडून सासू बोलते, नवरा बोलतो. तिलाच मुलगा हवा असतो.' हो, असतो. पण कारण सांगणं आणि परवानगी मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगाच हवा म्हणून तपासणी मागणाऱ्या बाईला मी 'नाही' म्हणेन, आणि का नाही तेही सांगेन. तिला ते त्या दिवशी पटणार नाही, ती रागावून जाईल. तरी तिच्याशी माणूस म्हणून बोललं गेलं असेल. संशयित म्हणून हाकलणं आणि कारण सांगून नकार देणं, यांतला फरक तिला बरोबर कळतो. आपल्यालाही कळतोच की, आपण सरकारी कचेरीत उभ्या असतो तेव्हा.

आता स्वतःकडं पाहू, कारण ही कसोटी फक्त सरकारसाठी नाही. लिंगनिदान करणारं केंद्र पकडायला गरोदर बाईला बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवावं लागतं. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानानं या मार्गानं अनेक केंद्रं उघडी पाडली. त्याशिवाय बंद दाराआडचा गुन्हा सिद्ध करणं फार कठीण असतं. हा मार्ग मला आवश्यक वाटतो. पण जाणारी बाई कोण असते? तिचं पोट त्या दिवशी पुरावा असतं, आणि पुढं मूल चालू-बोलू लागलं तरी साक्षीच्या तारखा येत राहतात. गाव विचारतं, डॉक्टरांची माणसं घरी येतात. हे सगळं तिला आधी, तिच्या भाषेत, नवऱ्याच्या आडून न सांगता थेट सांगितलं का? शेवटच्या क्षणी 'नको' म्हणायला तिला मोकळीक होती का? तारखेला जायचा एसटीचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोण देणार हे ठरलं का? ही उत्तरं 'हो' असतील तर ती बाई आपली सहकारी. नसतील तर आपणही तिचा उपयोगच केला.

तेच पीडित बाईची गोष्ट पत्रकार परिषदेत सांगण्याचं, तेच दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या तोंडाला काळं फासण्याचं. काळं फासून आपण संध्याकाळी आपापल्या घरी जातो. त्या रात्री त्याच्यासोबत एका खोलीत कोण असतं? तिला विचारलं होतं का? पुष्कळदा ती 'करा' म्हणेल. पुष्कळदा म्हणेल, 'ताई, आधी माझ्या राहण्याचं बघा.' मग कार्यक्रम पुढं ढकलायचा आणि आधी तिच्या राहण्याचं बघायचं. याला कुणी कच खाणं म्हणालं तर म्हणू दे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत 'समर्थनीय' हा शब्द आला की एवढंच करून पाहा. कृतीचा भार ज्या व्यक्तीवर पडणार तिचं नाव फळ्यावर लिहा. मग ती समोर बसली आहे असं धरून आपलं कारण मोठ्यानं बोलून दाखवा. बोलताना आवाज खाली गेला, शब्द फिरवावे लागले, तर ठराव मंजूर करायची घाई करू नका. शक्य असेल तर तिला खरोखरच बोलवा. तिच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवा म्हणजे झालं.

माझं हे म्हणणं सगळ्यांना पटेल असं नाही. सोनोग्राफीवरच्या नजरेबद्दल तर आपल्यातच दोन पक्ष आहेत. गोळ्या नाकारल्या गेलेल्या बाया तुमच्या केंद्रात येतात का, तुम्ही काय करता, बनावट गिऱ्हाईक म्हणून गेलेल्या बाईला तुमच्या गटानं पुढं कशी साथ दिली, हे जरूर लिहून पाठवा. नावं-गावं वगळून लिहा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत.